मधल्या सुट्टीनंतरची फेरी

१२ जुलै २०२४

इलियासभाई, सलाम.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचून तसाच ठेवतोस, म्हणून पोस्टानं लिहितेय. पत्ता तुझ्या संस्थेच्या माहितीपत्रकावरून घेतला. त्यात तुझा फोटो आहे. दाढी पांढरी झालीय. खाली 'मुख्याध्यापक, इलियास दस्तगीर मुल्लाणी' असं छापलंय. अम्मीला दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाली, की बारीक झालाय.

फेब्रुवारीत अब्बा गेले तेव्हा तू आला नाहीस, त्यावर मी काही लिहिणार नाही. विचारणाऱ्यांना मी विजापूरहून गाडी मिळाली नाही असं सांगितलं. आता गावातले लोकच एकमेकांना ते सांगतात.

इथल्या संस्थेनं अब्बांच्या जागी मला मुख्याध्यापक केलंय. अध्यक्ष म्हणाले, सरांची खुर्ची सरांच्याच घरात राहू दे. मला कुणी विचारलं नाही आणि मीही नको म्हणाले नाही.

तू गेलास तेव्हा सकाळचा कुराणाचा मकतब मशिदीच्या पडवीत भरायचा. आता तो शाळेच्या इमारतीतच भरतो. सकाळी मौलाना अय्यूब आणि दोन आलिमा कुराण, दीनियात आणि उर्दू शिकवतात. अकराला दिवसाची शाळा, दहावीपर्यंत, मराठी माध्यमाची. त्यात आपली मुलं आहेत तशीच आसपासच्या शेतकऱ्यांचीही आहेत. ज्या फळ्यावर सकाळी अलिफ-बे असतं, त्यावरच दुपारी बीजगणित. बाहेरून बघणाऱ्याला फार कौतुक वाटतं. आतून सांगायचं तर सकाळचे शिक्षक आणि दिवसाचे शिक्षक दारात एकमेकांना ओलांडून जातात, बोलत नाहीत. दिवसवाले आले की आधी खिडक्या उघडतात, मग फळा ओल्या फडक्यानं पुसतात, सकाळचं एकही अक्षर राहू नये असा. अब्बा होते तोवर हे सगळं गुमान चालायचं. मी स्टाफरूममध्ये गेले की बोलणं थांबतं, आणि मी बाहेर पडले की पुन्हा सुरू होतं. घंटा झाल्यावर लोक चहा संपवतात आणि मग उठतात. पर्यवेक्षक प्रभुलिंग सर मला एकटेच सांभाळून घेतात. गणिताचे सर, तुझ्यानंतर वर्षभरात लागले. माणूस भला आहे, पण त्यांचंही कुणी ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहू की नको कळत नाही.

मुलं म्हणतात, मोठे सर अजून फेरीला येतात. मधली सुट्टी संपली की वरच्या मजल्याच्याही वरून, छतावरून, काठीचा आवाज येतो. तुला आठवत असेल, अब्बांच्या काठीला खाली लोखंडी टोपण होतं. सातवीतली एक मुलगी दुसरीला सांगत होती, मी कानानं ऐकलं: 'मोठे सर आता एक मजला वरनं फिरत्यात.'

मोहरमचे दिवस आहेत, गावात पंजे बसलेत, या दिवसांत मुलं असलं काहीबाही बोलतातच, असं मी मौलानांना म्हणाले. ते हसले नाहीत.

तू ये. शाळा चालवायचा तुला अनुभव आहे, तिकडं तुझं नाव आहे. ही शाळा खरी तुझीच होती. माझ्यानं ओढवत नाही.

तुझी
नसीमा


९ ऑगस्ट २०२४

भाई,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं असेल असं धरून चालते.

पुराच्या पाण्यामुळं शाळा बंद ठेवली होती, ती आता भरली. भिंतींना ओल आहे, वह्यांना वास येतोय. आज मधल्या सुट्टीनंतर मी कार्यालयात बसले होते. वरच्या मजल्यावर नेहमीसारखा गोंगाट, निम्मे शिक्षक अजून खालीच. आणि आवाज आला. टक. मग पाय ओढल्यासारखं काहीतरी. मग पुन्हा टक. अब्बा चालायचे तसाच, सावकाश, जणू पुढच्या माणसाला आवरायला वेळ देताहेत असा.

वरचा मजला गप्प झाला. एक वर्ग, मग दुसरा, मग तिसरा. स्टाफरूममधून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि शिक्षक जिन्यावरून जवळजवळ पळत गेले. मीही उठून उभी राहिले होते. त्यांच्याच खुर्चीतून, ओढणी सारखी करून, हात बाजूला ठेवून. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आवाज थांबला होता.

घरी आल्यावर अम्मीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. ती म्हणाली, ते घरातसुद्धा असेच फिरायचे, तुला आज ऐकू आलं होय?

मला तुझा तो दिवस आठवला. तू शाळेत विज्ञान शिकवायला लागून वर्षही झालं नव्हतं. कोल्हापुरात फुटबॉलची फायनल होती म्हणून तू शेवटचा तास बुडवून गेलास. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर अब्बांनी तुला मुलांसमोर व्यासपीठावर बोलावलं. मी नववीच्या रांगेत होते. घरात आपण दखनी बोलायचो, पण अब्बा रागावले की शुद्ध मराठीत बोलायचे, आणि आवाज चढवायचे नाहीत. म्हणाले, 'हे मुल्लाणी सर. यांना नीट बघून घ्या. शिक्षक कसा नसावा ते पुस्तकात सापडत नाही.' मधल्या सुट्टीपर्यंत तू तिथंच उभा होतास. मुलं समोरून पाणी प्यायला जात होती आणि तुझ्याकडं बघायचं नाही म्हणून मान वळवत होती. त्या रात्री तू जेवला नाहीस, आणि सकाळी तुझी पेटी नव्हती.

हे मी अब्बांपुढं कधी काढलं नाही. त्यांनीही नाही.

नसीमा


३० ऑगस्ट २०२४

भाई,

फेरी कोण घालतं ते कळलं.

मी आज घंटेच्या आधीच मागच्या जिन्यानं गच्चीवर गेले. पाऊस भुरभुरत होता. गच्चीचं दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं तर प्रभुलिंग सर. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात अब्बांची काठी, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, अनवाणी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत होते आणि अब्बांसारखा एक पाय ओढत होते. डोळे मिटलेले होते भाई. मी हाक मारली तेव्हा दचकले नाहीत, शेवटपर्यंत गेले, फेरी पूर्ण केली आणि मग माझ्याकडं आले.

मी विचारलं, हे काय आहे सर.

'मॅडम, मी सांगून कोण वर्गात जात न्हाई,' ते म्हणाले. 'तुमी सांगून बी जात न्हाईत. काठी वाजली की जात्यात.'

अम्मीनं काठी शाळेला आठवण म्हणून दिली होती, ती प्रयोगशाळेच्या कपाटात असायची आणि किल्ली यांच्याकडं. जूनमध्ये एकदा ती पुसायला काढली, हातातून निसटून फरशीवर पडली, तर खालचा वर्ग एकदम शांत झाला. त्यातून त्यांना हे सुचलं. मी म्हणाले, मुलं घाबरताहेत. ते म्हणाले, मुलं घाबरत नाहीत, मुलांना मजा वाटते. घाबरतात ते आपले लोक.

मग म्हणाले, 'लई वर्सं मी त्यांच्या मागनं फिरलो मॅडम. मला त्यांच्यासारखं बोलाय येत न्हाई. चालाय येतं.'

मला हसू यायला हवं होतं. मी त्यांच्या छत्रीत उभी होते आणि खालून एकही आवाज येत नव्हता. सगळ्या वर्गांवर शिक्षक होते. मी मुख्याध्यापक झाल्यापासून पहिल्यांदा ही शाळा शाळेसारखी वाटत होती.

दहावीचं वर्ष आहे. सहामाही तोंडावर आहे. मी काही न बोलता जिना उतरले. तेवढ्यानं सरांना काय कळायचं ते कळलं.

तू तिकडं शिक्षकांना कसं वागवतोस? माहितीपत्रकात लिहिलंय, की पहाटेच्या नमाजपासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत एकही तास शिक्षकाविना जात नाही. हे कसं जमवलंस ते मला खरंच शिकायचं आहे.

नसीमा


४ ऑक्टोबर २०२४

भाई,

जोतीराम सर तुला आठवतील. मराठीचे. तुझ्याबरोबर स्टाफरूममध्ये खिडकीशी बसायचे आणि डब्यातला खर्डा तुला द्यायचे. आता निवृत्तीला आलेत.

मंगळवारी ते नववीवर होते. खुर्चीत बसून कवितेचा अर्थ सांगत होते. वरून काठीचा आवाज आला. सर बोलायचे थांबले, पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, वर्गाबाहेर आले आणि दाराशेजारी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. हात सरळ, टाचा जुळवलेल्या. उशीर झालेल्या शिक्षकाला अब्बा असंच उभं करायचे, त्याच जागी, त्याच्याच वर्गाला दिसेल असं.

मुलं आधी हसली. मग हसणं थांबलं, आणि एक मुलगी रडत खाली माझ्याकडं आली.

मी गेले तेव्हा आवाज केव्हाच बंद झाला होता, तरी ते तसेच उभे होते. मी म्हणाले, सर, चला, आत चला. त्यांनी मान वळवली नाही. भिंतीशीच बोलले.

'सर, आज एसटी चुकली. उद्यापासनं पहिल्या गाडीनं यीन.'

भाई, ते मला सर म्हणाले.

त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा सदरा घामानं चिंब होता. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मला ओळखलं, आणि ओळखल्यावर त्यांचा चेहरा जो झाला तो मला लिहिता येत नाही. पिशवी घेतली आणि कुणालाही न सांगता निघून गेले. तेव्हापासून आले नाहीत. फोन बंद आहे.

प्रभुलिंग सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आज फेरी झाली नाही. पण मधल्या सुट्टीनंतर मीच छताकडं बघत बसले होते, आणि मला ती ऐकू आली.

नसीमा


२१ ऑक्टोबर २०२४

भाई,

जोतीराम सरांच्या घरी जाऊन आले. त्यांचा मळा गावाबाहेर आहे. मी गेले तेव्हा ते वैरण कापत होते. मला बघून विळा ठेवला आणि उठायला लागले. मी त्यांच्याआधी बांधावर बसले, म्हणून मग तेही बसले. त्यांच्या बायको, बायडावहिनी, चहा ठेवून आत गेल्या, पण दाराआडच थांबल्या. मला त्यांची बांगडी वाजलेली ऐकू येत होती.

सर आधी शेताचं बोलले. ऊस कधी तुटेल, पाऊस लांबला वगैरे. मग म्हणाले, ते अब्बांकडून पुष्कळ शिकले. फळ्यावर अक्षर कसं काढायचं, मागच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा, धडा कुठं थांबवायचा. 'तुमच्या अब्बांइतका चांगला मास्तर मी बघितला न्हाई,' म्हणाले. 'त्यांनी मला तीनदा उभं केलं. त्ये घरात कुणाला ठावं न्हाई. हिलाबी न्हाई.'

दाराआडची बांगडी वाजली नाही.

मी त्यांना गच्चीचं सांगितलं. कोण फिरतं, कधीपासून, आणि मला कधी कळलं ते. आडपडदा न ठेवता सांगितलं, कारण त्यांना वाटत होतं की त्यांचं डोकं फिरलंय. मुलगा त्यांना कोल्हापुरात डॉक्टरकडं न्यायच्या तयारीत होता. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर सुटका झाल्यासारखं वाटेल त्यांना, किंवा प्रभुलिंग सरांचा राग येईल. ते खाली बघत राहिले. हातात वैरणीची काडी होती, तिचे तुकडे करत होते.

'म्हंजे तुमाला ठावं हुतं,' ते म्हणाले.

मी हो म्हणाले.

'मग त्ये एकटं न्हाईत मॅडम. तुमी बी वरनंच फिरत हुता.'

भाई, मी यावर काही बोलले असते तर ते अब्बांसारखंच झालं असतं. काहीतरी शहाणपणाचं, शुद्ध मराठीत. चहा गार झाला. निघताना मी त्यांना परत या म्हणाले नाही. दिवाळीनंतर शाळा कधी उघडते तेवढं सांगितलं.

परतल्यावर प्रभुलिंग सरांकडून काठी मागून घेतली आणि घरी आणली. अम्मीला काही सांगायच्या आतच तिनं ती माझ्या हातातून घेतली, कोयत्यानं तिचे तुकडे केले आणि सकाळी अंघोळीच्या बंबात घातले. मी तिला असं काही करताना जन्मात पाहिलं नव्हतं. टोपण राखेत राहिलं, ते भंगारवाल्यानं नेलं. पाणी चांगलं तापलं होतं.

नसीमा


१५ डिसेंबर २०२४

भाई,

आधी इकडचं लिहिते, मग तुझ्या पत्राचं.

आवाज बंद झाल्यावर शाळेत जे व्हायचं ते झालं. पहिले काही दिवस सगळे सवयीनं वर्गात गेले. मग मधल्या सुट्टीनंतर लोक वर बघायचे, वाट बघितल्यासारखे, आणि काही येत नाही म्हटल्यावर पुन्हा कप उचलायचे. वर्गांत दंगा. अध्यक्ष एकदा न सांगता आले आणि आठवीचा वर्ग शिक्षकाविना बघून गेले.

जोतीराम सर आले. दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी, पहिल्या गाडीनं. नववीच्या मुलांनी काही विचारलं नाही. त्यांनी कविता जिथं सोडली होती तिथून पुढं सुरू केली.

मग फळ्यावरून भांडण झालं. सकाळच्या एका आलिमाबाईंनी फळ्यावर सुरेख अक्षरांत कुराणातली एक आयत लिहिली होती आणि मुलींना ती उद्यापर्यंत राहू द्या म्हणून सांगितलं होतं. भूगोलाच्या सरांनी ती पुसली. दुसऱ्या दिवशी आलिमा अकरा वाजले तरी वर्गातून हलेनात. दारात दोन्हीकडची माणसं जमली. अब्बा असते तर खोकले असते आणि रस्ता मोकळा झाला असता. मी खोकले नाही. सगळ्यांना कार्यालयात बोलावलं. सकाळचे आणि दिवसाचे शिक्षक एका खोलीत बसायची ही पहिलीच वेळ, हे मला ते बसल्यावर कळलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. जोतीराम सरांनी आपली खुर्ची आलिमांना दिली आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसले.

खूप बोलले लोक. वाकडंच बोलले. भूगोलाचे सर म्हणाले, आम्हाला नकाशा काढायला फळा लागतो, त्यात धर्म कुठं आला. आलिमा म्हणाल्या, आम्हाला या इमारतीत पाणी प्यायला पेला कुठं आहे ते सांगा आधी. प्रभुलिंग सर म्हणाले, मला तर माहीतच नव्हतं की तुम्ही घरून पाणी आणता. मग मौलाना बोलले. त्यांनी अख्ख्या नोकरीत स्टाफरूममध्ये पाऊल ठेवलेलं नाही, आणि कुणी नको म्हणालेलंही नाही. म्हणाले, 'सर होते तेव्हा आम्हाला एकमेकांशी बोलायची गरजच पडली नाही. दोन्हीकडचे त्यांनाच भ्यायचो. ते गेले, आता भ्यायला कुणी नाही, तर काय करावं ते कुणाला कळत नाही.'

खोलीत शांतता झाली. मला ती ओळखीची वाटली नाही. आधीची शांतता आणि ही, यांत फरक होता.

फार काही ठरलं नाही. मागच्या भिंतीवर आणखी एक फळा बसवायचा, तो सकाळवाल्यांचा. साडेदहाचा चहा दोघांचा एकत्र. भूगोलाचे सर अजून घुश्शात आहेत. वर्गांवर लोक अजूनही उशिरा जातात, पण जाताना मला दारात येऊन कारण सांगतात. कधी खोटं सांगतात. तरी बरं वाटतं.

अध्यक्षांना हे पटलं नाही. म्हणाले, शाळा आहे की ग्रामसभा. तुमच्या भावाला आणा.

आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र. पाकिटावरचं अक्षर बघून अम्मी रडली. मी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तू जूनपासून यायला तयार आहेस, अध्यक्षांशी तुझं फोनवर बोलणंही झालंय, फक्त त्यांनी तुला मोकळा हात द्यावा, आणि पहिल्या महिन्यात सगळे सरळ होतील. अम्मीनं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. ती उठून आत गेली. मला वाटलं आनंदानं गेली.

तुझी खोली झाडून घ्यायला लागलेय.

तुझी
नसीमा


८ एप्रिल २०२५

इलियासभाई, सलाम.

ईद झाली. तुझी वाट बघितली, पण रमजानात निवासी शाळा सोडून निघणं कठीण, हे मलाही कळतं.

नवीन वर्षासाठी विज्ञानाची एक जागा आहे. शनिवारी तिच्यासाठी मुलाखती झाल्या. मी, प्रभुलिंग सर आणि मौलाना असे तिघं बसलो. मौलानांना घ्यायचं हे मी ठरवलं, कारण वर्ग दोघांनी मिळून वापरायचा आहे. चार जण आले. त्यातली शेवटची सुमैया इनामदार नावाची मुलगी, विजापूरकडची. आजोळ जतचं, म्हणून मराठी चांगली. आम्ही तिला सातवीवर पाठ घ्यायला सांगितला. तिनं फुगा आणि बाटली घेऊन फुप्फुसं शिकवली. मुलं तिच्याभोवती गोळा झाली, तिनं त्यांना हाकललं नाही. प्रभुलिंग सर मागच्या बाकावर बसले होते, ते स्वतःच फुगा फुगवायला लागले.

आधीची नोकरी का सोडली, असं विचारल्यावर घरची अडचण म्हणाली. कुठं होतीस, तर तुझ्या शाळेचं नाव सांगितलं. मी तुझी बहीण आहे हे मी बोलले नाही. बोलणार होते, पण तिचा आवाज नाव घेताना असा काही खाली गेला, की थांबले.

मुलाखत संपल्यावर ती गेली नाही. मी एकटी असताना दारात आली. म्हणाली, दारावरच्या पाटीवरचं आडनाव बघून परत जाणार होते, मग म्हटलं, आडनावं काय, सारखी असतात. मग विचारलं, 'मॅडम, इथं शिक्षकाचं चुकलं तर काय करतात?'

मी तिला बसायला सांगितलं.

मागच्या वर्षी थंडीत तिच्या वर्गातल्या एका मुलीला ताप आला होता. सुमैया तास अर्धा टाकून तिला वसतिगृहात झोपवून आली. तेवढ्या वेळात वर्ग मोकळा राहिला. तू तिला बोलावलंस. आवाज चढवला नाहीस म्हणाली. एवढंच सांगितलंस, की ज्याला वर्ग सांभाळता येत नाही त्यानं आधी वर्गात बसायला शिकावं. आठवडाभर तिला सहावीच्या मुलींमध्ये जमिनीवर बसवलंस. हजेरी व्हायची तेव्हा तिचंही नाव घेतलं जायचं आणि तिनं 'हजर' म्हणायचं. त्या मुलींना ती स्वतःच शिकवत होती.

मी विचारलं, कुणी काही बोललं नाही? ती म्हणाली, तिथं कुणीच बोलत नाही. पण सर वाईट माणूस नाहीत मॅडम, असंही ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. स्वतः विहिरीवर उभे राहून मुलांचं पाणी बघतात, एकही मूल उपाशी झोपू देत नाहीत, शिकवायला लागले तर ऐकत राहावं. म्हणाली, 'त्यांचा राग येत न्हाई मला. पण मी आता घरी असले तरी दुपार झाली की अंग ताठ होतं. कुणी चालत आल्यासारखं वाटतं. आमच्या घराला तर वरचा मजलाबी न्हाई.'

मी तिला पाणी दिलं.

भाई, ती मुलगी ज्या माणसाला भिते त्याला तिनं कधी बघितलेलंच नाही. तो इथं आपल्या कबरस्तानात आहे, चिंचेखाली. त्याच्यावर माती टाकायला तू आला नाहीस, आणि मला वाटायचं की तू त्याच्यापासून लांब पळालास.

मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. कुठल्या तोंडानं देऊ? मला तर छत्रीत उभं राहून ती शांतता आवडली होती. जोतीराम सर बांधावर जे बोलले ते कुणी तुला कधी बोललंच नाही, एवढाच आपल्या दोघांत फरक असेल.

सुमैयाला मी नेमलं. प्रभुलिंग सर आणि मौलाना दोघांनीही तिचंच नाव दिलं, त्यांना यातलं काही माहीत नाही. जाताना तिला सांगितलं, की ते माझे सख्खे भाऊ. ती पांढरी पडली. मी म्हणाले, ते इथं मुख्याध्यापक म्हणून येणार नाहीत. तिनं विचारलं, नक्की? मी नक्की म्हणाले, आणि मगच माझ्या ध्यानात आलं की हे अजून मी कुणाशीच बोललेले नाही.

काल अध्यक्षांकडं जाऊन आले. खुर्ची सोडत नाही म्हणून सांगितलं. फार चिडले. तुम्हीच पत्रं लिहिलीत ना भावाला, म्हणाले. मी म्हणाले, हो, मीच. मे महिन्यात संस्थेची बैठक आहे, तिथं ते माझं काय करायचं ते ठरवतील. निकाल घसरला तर मला काढायला त्यांना कारणही मिळेल. प्रभुलिंग सर म्हणाले, मी येतो तुमच्याबरोबर बैठकीला. त्यांना बोलता येत नाही, तरी येतो म्हणाले.

अम्मीला सुमैयाचं सांगितलं. अम्मी म्हणाली, तुझं पत्र वाचून दाखवलं त्याच दिवशी तिला हे कळलं होतं. 'पहिल्या महिन्यात सगळे सरळ होतील' ही ओळ तिनं लग्न होऊन आली तेव्हाच ऐकली होती, अब्बांच्या तोंडून, या घराबद्दल.

खोली झाडून ठेवलीय. पलंग उन्हात टाकून आणलाय. अम्मीला तू दिसायला हवास, मलाही हवास. कधीही ये, मुक्कामाला ये, पोरांना घेऊन ये. फक्त शाळा सुटल्यावर ये.

नसीमा